कष्टाची पुस्तकं कष्ट केलेल्या माणसांपुढं वाचून पाहिलीत का?

केजची_लेक

मंडळी, घर, गरिबी, रोजची ओढाताण यावरची पुस्तकं आपण इथले बहुतेक जण वाचतो. वाचून झालं की "अंगावर येतं हो" असं लिहितो आणि चार जणांना सुचवतो. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ज्यांच्या जगण्यावर ही पुस्तकं आहेत, त्यांना ती ऐकवली तर काय होतं? कुणी करून पाहिलंय का?

मी पाहिलंय, म्हणून विचारतेय. उन्हाळ्यात माहेरी गेले की दुपारी आमच्या ओसरीवर बाया जमतात. कुणी तूर निवडतं, कुणी वाती वळतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसतं. आई चौथीपर्यंत शिकलेली, मोठ्या काकूला सही येते तेवढीच. त्यांच्यापुढं मी रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' वाचायला घेतली. १९७१ सालची कादंबरी, गावातल्या शिंप्याच्या घरची. सगळी गोष्ट त्याची बायको पारबती आपल्या तोंडानं सांगते, आणि तेही आपल्याच बोलीत. त्यामुळं वाचताना मला कुठं अडखळायला झालं नाही.

मला वाटलं होतं, बाया डोळ्याला पदर लावतील. तसलं काहीच झालं नाही. त्या भांडायला लागल्या. एकीचं म्हणणं, "मिशीन हाय, हातात हुन्नर हाय, मग येवढा ताठा कामून करावा माणसानं?" दुसरी लगेच उसळली, "कामून म्हंजी? गरिबानं ताठा बी करू न्हाई व्हय?" त्या शिंप्यावरून बायांचे असे दोन तट पडले की मला पुस्तक मिटून बसावं लागलं. शेवटी काकूनं फर्मान काढलं, "भांडण मागून करा. तू वाच गं."

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणी. एकदा १९७२ च्या दुष्काळावरचं एक पुस्तक घेतलं (नाव सांगत नाही, लेखकाबद्दल मला आदर आहे). त्यात खडी फोडणाऱ्या बाया खाली मान घालून मुकाट काम करतात असं वर्णन होतं. काकू म्हणाली, "मुकाट? आमच्या तोंडाला मुकादम कटाळायचा." पुढं मिलोच्या (दुष्काळात मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या) भाकरीच्या चवीवर अर्धं पान होतं. तिथं आईनं थांबवलं. रेशनवरची लाल मिलो जिनं थापलीय तिला चव आठवत नाही, म्हणाली, तिला ती भाकरी हातावरून तव्यावर जाईस्तोवर तुटायची हे आठवतं. तुकडे जोडून भाजायच्या. मग लेकरं मोठा तुकडा कुणाचा यावर भांडायची. हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

तर, तुमच्या घरी असं काही घडलंय का? आणि या मंडळीपुढं पुढचं काय वाचू? यादी नको, वाचलेलं सांगा.

जुना_मास्तर

लेकी, तू जे केलंस ते आपल्याकडं नवं नाही. आमच्या लहानपणी नांदेडच्या वाड्यात चातुर्मासात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' लागायचं. वाचणारा एक, ऐकणारे वीस, आणि त्या विसांतले निम्मे मधेच बोलणारे. द्रौपदीनं तेव्हा तसं बोलायला नको होतं, इथपासून धर्मराजाला जुगाराचा नाद नडला, इथपर्यंत सगळं व्हायचं. निजामाच्या राज्यात शाळा-कचेरीत उर्दू चालायची, मराठी पुस्तक घरात नाहीतर वाचनालयात भेटायचं. म्हणून मोठ्यानं वाचणं आणि त्यावर तंडणं ही आपली जुनी सवय. एकट्यानं, मनातल्या मनात, दिव्याखाली वाचायचं हे नंतरचं.

आणि घरकाम, कष्ट हे 'साहित्याचे विषय' म्हणून कुणी नव्यानं शोधून काढलेत असंही समजू नका. गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांपूर्वी दळण, कांडण, झाडलोट, शेणी यांच्यातच देवाला ओढून आणते. विठ्ठल तिच्यासंगं जात्याला हात लावतो. परक्याच्या घरी राबणाऱ्या बाईनं देवाला मदतीला बोलवावं आणि कामाला लावावं, यात भक्ती किती आणि दमलेल्या बाईचा हक्क किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पुढचं विचारलंस तर प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' घे. १९७९ चं आहे. आईबाप लहानपणीच गेलेलं पोर, बहिणीच्या आश्रयानं वाढतं, भाकरीसाठी लोकांची कामं करत शिकतं. सुट्या सुट्या आठवणी आहेत, एका बैठकीत एक होते. शिवाय लेखक कुठंही छाती पिटत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या आत्मकथनांत हे सगळ्यात कमी आवाजाचं आणि सगळ्यात टिकणारं.

सरळ_बोलतो

थोडं विरोधात बोलतो, रागवू नका. किती दिवस दुष्काळ, सावकार, उपास? ज्याच्या पायात काटा मोडलाय त्याला काट्यावरचं पुस्तक कशाला द्यायचं? माझे वडील मोंढ्यात दिवसभर पोती उचलायचे. रात्री त्यांना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लागायच्या, झुंजार नाहीतर काळा पहाड. वाचनालयातून आणून आणून त्यांनी कपाट संपवलं होतं. कुणी त्यांच्या हातात हमालाच्या जीवनावरची कादंबरी ठेवली असती तर त्यांनी ती नमस्कार करून परत दिली असती.

मला तर वाटतं ही 'वास्तववादी' पुस्तकं मुळात न सोसलेल्यांसाठीच असतात.

केजची_लेक

@सरळ_बोलतो, वडिलांचं पटलं. पण आमच्या बाया दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला स्वतःहून हजर होत्या, आणि "कालच्या त्या शिंप्याचं पुढं काय झालं" हाच पहिला प्रश्न. मी कुणालाच बोलवायला गेले नव्हते.

पूर्णाकाठ

मी परभणीचा, सध्या पुण्यात. दोन्हीकडचं पाहिलंय म्हणून लिहितो.

इथं आमचा वाचनकट्टा आहे. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही त्यातल्या कथा वाचल्या. आमच्या जिल्ह्याचा लेखक, मी फुगलेलो. कथा संपली की सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणणार, "किती भयाण आहे ना हे." मग चहा. चर्चा एवढीच. वाईट माणसं नाहीत ती, मनापासून हलली होती. पण त्या कथांत गावातलं राजकारण आहे, जातीची गणितं आहेत, कोण कुणाला कसं कोंडीत धरतो याचे डाव आहेत. त्यावर एकालाही बोलायचं नव्हतं. 'भयाण' म्हटलं की सुटका होते.

आता घरचं सांगतो. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकात होती, पुष्कळांना आठवत असेल. बापाबरोबर पोरगा टोमॅटो घेऊन बाजारात जातो, भाव असा पडलेला की शेवटी बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. सुट्टीला गेलो तेव्हा भावाची पोरगी ती मोठ्यानं वाचत होती. अण्णा खाटेवर पडलेले. तिचं वाचून झालं आणि अण्णा उठून बसले.

"भाव काय फुटला म्हणला?"

तिनं सांगितलं. मग अण्णांनी तिला वही आणायला लावली. गाडीभाडं लिही. हमाली लिही. तोलाई लिही. आडत लिही. तोडणीच्या बायांची मजुरी कुणी धरायची, मी? तीही लिही. एक पान भरलं. बेरीज झाल्यावर म्हणाले, "तुडवला त्ये बराबर केलं. घरी आणला आस्ता तर उलट्या भाड्यानं आजून खड्ड्यात गेला आस्ता." पोरगी हबकली. तिला शाळेत शिकवलं होतं की शेतकऱ्याच्या भावनांचा उद्रेक वगैरे. आजोबांच्या लेखी तो रागही होता आणि हिशोबही होता, दोन्ही एकदम.

मग त्यांनी आपल्या कापसाचं काढलं. एका वर्षी भाव वाढंल म्हणून खोलीत भरून ठेवलेला, आम्ही पोरं त्यावरच झोपायचो, अंगाला खाज सुटायची. हे मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. खाज आठवत होती, कारण माहीत नव्हतं.

रात्रपाळी

जालन्याहून. मी परिचारिका आहे, रात्रीच्या ड्युटीत दोन ते चार या वेळात वाचते.

माझी तक्रार कुटुंबावरच्या पुस्तकांबद्दल आहे. त्यातल्या आया. सतत झिजणाऱ्या, कधी न चिडणाऱ्या, स्वतः उपाशी राहून "मला भूक नाही रे" म्हणणाऱ्या. 'श्यामची आई' मी लहानपणी रडून रडून वाचलंय. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, आईच्या आठवणीनं लिहिलं, त्यात खोट काढायची माझी लायकी नाही. पण त्यानंतर ज्यानं त्यानं आईचा देवच करून ठेवला. वॉर्डात मी खऱ्या आया बघते. लेकराच्या उशाशी तीन रात्री जागलेली बाई चौथ्या दिवशी नवऱ्यावर अशी ओरडते की डॉक्टर बाहेर येतात. ती बाई पुस्तकात कुठंय?

मला ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सापडली. १९३४ ते ३६ मध्ये आलेलं पुस्तक, मराठवाड्यातलं नाही, पण बाई आपल्या वाटतात. हाल काय कमी नाहीत, नवरा सांगून-न सांगून घरातून निघून जाणारा, धर्म बदलणारा. आणि ही बाई त्याच्यावर चिडते, फजितीला स्वतःच हसते, आणि वाचणाऱ्यालाही हसवते. केजची_लेक, ओसरीवर ते घ्याच. बाया पोट धरून हसतील.

कोपीतला

मव्हे आई-बाप कोयत्यावर, म्हंजी ऊसतोडीला. धारूरकडले आम्ही. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं. म्हातारी माणसं आन् शाळंतली लेकरं मागं. मी लहान होतो तवा संगंच जायचो, मंग हंगामी वसतिगृहात राह्यलो.

ऊसतोडीवर लई लिव्हलं जातंय आता. चांगलंय. पर लिव्हणारा पहाटं चारला कोपीत (आमच्या झोपडीत) येतो, थंडीत मोळी उचलणारी बाई बघतो आन् तिथंच रडतो. त्येला संध्याकाळ दिसत न्हाई. बाजारच्या दिवशी कोंबडी शिजती, मोबाईलवर गाणी चालत्यात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) इकून आलेल्या पैशावरून नवरा-बायकोची जुंपती, पोरी पोरी हसत्यात. आन् खरी भीती कशाची आसंल तर थंडीची न्हाई, उचलीची, म्हंजी मुकादमाकडून आधी घेतलेल्या पैशाची. हंगाम सरताना मुकादमानं हिशोब केल्यावर फिटली का अंगावर राह्यली, ह्येच्यावर आमचं सालभराचं सुखदुख. अंगावर राह्यली तर पुढल्या साली पुन्हा त्येच्याचकडं. ह्ये ज्येला कळलं त्येनंच लिव्हावं.

वसतिगृहाच्या पेटीत मला लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' भेटलं. लातूरकडलंच हाय. १९८८ ला साहित्य अकादमी भेटलेलं. त्येच्यात ह्यो पोरगा शाळंत जायला लागतो आन् वस्तीत लेकरं हगवण-वांतीनं आजारी पडत्यात, तर लोक म्हणत्यात तुव्हं पोरगं शाळंत जातंय म्हणून झालं. मी त्ये वाचून आधी हसलो. मंग ध्यानात आलं, आमच्या टोळीत बी म्हणायचे, शिकलेलं पोरगं कामाचं राहात न्हाई. म्हंजी हसावं कुणाला.

बापाला वाचून दाखवावं वाटलं व्हतं. पर बापानं पयला सवाल हाच केला आस्ता, "लिव्हून त्येला काय भेटलं?"

जुना_मास्तर

@कोपीतला, असंच लिहीत राहा. इथं नको, वहीत.

अभ्यासिका_खुर्ची

वर वाचनालयाचा विषय निघालाय, म्हणून थोडी बातमी देते. मी लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. आमच्याकडं 'वाचनालय' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं अभ्यासिका येते. महिन्याची खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय. मी बसते तिथं मागच्या भिंतीला काचेची कपाटं आहेत, कादंबऱ्या शिस्तीत लावलेल्या, कुलूप लावलेलं. किल्ली मागितली तर शिपाईमामा म्हणाले, "कशाला? त्यातलं पेपरात येत नाही." खरंच चांगला माणूस आहे, मग त्यांनीच किल्ली शोधून दिली. गंजलेली होती.

कादंबरी वाचताना दिसलं की शेजारची मैत्रीण पुस्तक उलटून मुखपृष्ठ बघते. सिलॅबसमधलं नाही कळलं की माझ्याकडं आजारी माणसाकडं बघतात तसं बघते.

मला एक विचारायचंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. मी शाळेत होते. टँकरच्या रांगेत आई तासन् तास उभी असायची, घागरींचे नंबर लागलेले, मधे कुणी घुसलं की मारामारी. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आमची बादली ढकलली म्हणून आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही, एकाच जिन्यात राहून. यावर कुणी कथा-कादंबरी वाचलीय का? शेतातला दुष्काळ मी पुष्कळ वाचला. शहरातल्या दोन खोल्यांतला वाचायचाय.

जुना_मास्तर

वाचनालयांबद्दल: १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदानाची व्यवस्था झाली, अ, ब, क, ड असे वर्ग पडले. खेड्यातली बरीचशी ड नाहीतर क वर्गातली. त्या तुटपुंज्या अनुदानात ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पुस्तकखरेदी. खुर्च्या भाड्यानं दिल्या नाहीत तर दिवा कसा लागायचा? म्हणून मी अभ्यासिकांना नावं ठेवत नाही. कपाटाच्या कुलपाला मात्र ठेवतो.

तुझ्या आईची बादली तूच लिही.

सरळ_बोलतो

पुन्हा आलो. केजची_लेक, तुमच्या बाया भांडल्या, हिशोब तपासला, चुका काढल्या. सगळं मजेशीर. पण मग पुस्तकातलं दुःख त्यांच्यापर्यंत पोचलं कुठं? पारबतीच्या वाट्याला जे येतं ते काय गंमत आहे का? पुण्याचा वाचक निदान गप्प तरी होतो.

केजची_लेक

हाच प्रश्न मला पडला होता, त्यामुळं जरा सविस्तर.

कादंबरीत बाप-लेकाचं फाटत जातं आणि पारबती मधे भरडते. आपण ते वाचतो आणि म्हणतो, बिचारी. बिचारी म्हटलं की आपलं काम संपलं. पुस्तक मिटलं, शेल्फात ठेवलं. आमच्या काकूनं एकदाही तिला बिचारी म्हटलं नाही. ती म्हणाली, "तिनं तवाच बोलायला पायजे व्हतं. नवऱ्याला बी आन् पोराला बी." दुसरी म्हणाली, "बोलून काय झालं आस्तं? तू बोलली व्हतीस का?" आणि मग ओसरीवर एकदम तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी निघालं, आमच्याच घरातलं, आबा आणि थोरल्या चुलत्याच्या वाटणीच्या वेळचं. आई कधी बोलली नव्हती ते बोलली. सगळं इथं लिहिता येणार नाही. पण काकूनं पारबतीला जो जाब विचारला, तो ती खरं तर स्वतःला विचारत होती, हे मला तरी स्पष्ट दिसलं.

दया करायला लांब उभं राहावं लागतं. या बाया लांब उभ्याच नव्हत्या. पारबती त्यांच्या गल्लीतली, मग तिच्या चुका दाखवणार, तिच्या नवऱ्याला शिव्या देणार, तिची बाजूही घेणार. @पूर्णाकाठच्या अण्णांनी वही मागवली तीही याच जातीची गोष्ट. आणि माझं मत विचाराल तर लेखकाला 'किती भयाण' यापेक्षा हा मान मोठा आहे. बोराडे सर फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्या शिंप्यावरून आमच्या ओसरीवर अजून भांडण आहे.

म्हणूनच जे पुस्तक नुसतं रडवायला निघालंय ते तिथं टिकत नाही. बाया दहाव्या पानाला वाती मोजायला लागतात. जिथं काम बारकाईनं आलंय, पैसा कुठून आला नि कुठं गेला ते कळतं, आणि माणसं एकमेकांना टोचून बोलतात, ते चालतं.

पूर्णाकाठ

एक प्रामाणिक शंका. शिव्या कशा वाचता? अण्णांपुढं माझी जीभ रेटत नाही.

केजची_लेक

आबा पडवीत असले की मी घुटमळते. ते पान लावायला उठले की काकूच खूण करते, "म्हण आता मोकळं."

रात्रपाळी

😄 'स्मृतिचित्रे'चं काय ठरलं?

केजची_लेक

बायांपुढं दोन्ही ठेवली, मास्तरांचं 'आठवणींचे पक्षी' आणि तुमचं 'स्मृतिचित्रे'. दोन्हींचं पहिलं पहिलं पान वाचून दाखवलं. 'आठवणींचे पक्षी' आधी, कारण एका बैठकीत एक आठवण संपते आणि मृगाच्या आत जेवढं होईल तेवढं होईल. पेरणी लागली की ओसरी बंद.

आणि @सरळ_बोलतो, तुमच्या वडिलांचं काळ्या पहाडाचं मी सहज बोलून गेले. काकूनं वात वळायची थांबवली. "खुनाचं हाय का त्ये? मग आधी त्येच आण की." आता वाचनालयातल्या त्या कपाटातलं एखादं शिल्लक असेल तर कळवा. अंबाजोगाईपर्यंत मी येते घ्यायला.

सरळ_बोलतो

घरी तीन आहेत, वडिलांच्या सहीची. एकाचं शेवटचं पान नाही, ते सोडून बाकी दोन देतो.

कोपीतला

बिनपानाचं बी घ्या. खुनी कोण त्यावर बाया भांडत्याल, पेरणीस्तोवर पुरंल.